यकृताच्या यादीबाबतचा अर्ज मागे घेताना

यवत पोलीस ठाणे, दि. २४ जुलै २०२५

नाव : बापूसाहेब चांगदेव दोरगे, वय ६३ वर्षे, धंदा : शेती (पूर्वी साखर कारखान्यात चिटबॉय), रा. यवत, ता. दौंड, जि. पुणे.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो तो जबाब असा की, मी वरील पत्त्यावर पत्नी सुलक्षणा व मुलगा सत्यजीत, वय ३१, यांच्यासह राहतो. सत्यजीत कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जात होता. गेल्या वर्षापासून त्याचे यकृत निकामी होत चालले आहे. मी माझे यकृत द्यायला तयार होतो, परंतु वय व शुगरमुळे डॉक्टरांनी मला बाद केले. म्हणून दि. ३ फेब्रुवारी रोजी पुण्यातील रुग्णालयामार्फत त्याचे नाव मृत दात्याच्या यकृतासाठी प्रतीक्षा यादीत लावले.

दि. ९ जुलै रोजी सत्यजीतच्याच रक्तगटाचे यकृत आले. ते शिरूरच्या एका बाईंना मिळाले. त्यांची नोंद जूनअखेरची, माझ्या मुलाची फेब्रुवारीची. माझा भाचा विश्वजीत रांजणगावला कंपनीत आहे, शिरूरचे लोक त्याच्याबरोबर कामाला आहेत, त्याच्याकडून हे कळले. माझे डोके फिरले. दि. १४ जुलै रोजी मी या ठाण्यात अर्ज दिला की, रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयक तेजश्री मॅडम यांनी वशिल्याने यादी फिरवली.

असा संशय का आला, हे साहेबांनी विचारले. मी कारखान्याचा चिटबॉय म्हणून चौतीस वर्षे शेतकऱ्यांच्या ऊसतोडीच्या तारखा लावल्या आहेत. ज्याच्या लागणीची नोंद आधी, त्याची तोड आधी, हा कागदावरचा नियम. पण एखाद्या संचालकाचा फोन आला की मी स्वतः तारखा पुढेमागे करत असे. गरिबाचा ऊस शेतात वाळला तरी मी हूं की चूं केले नाही. यादी म्हटली की ती फिरते, एवढेच मला ठाऊक. स्वतःवरून जग ओळखले, हे कबूल करतो.

अर्जाच्या आधी मी तेजश्री मॅडमना एका पुढाऱ्याचा फोन लावून दिला होता. त्यांनी दोन मिनिटे "हो सर, हो सर" केले आणि फोन माझ्या हातात परत देऊन म्हणाल्या, "काका, यादी माझ्या हातात नाही. रक्ताचे रिपोर्ट जातात, त्यावरून आकडा निघतो. जो जास्त आजारी, तो वर." मग त्या बाई किती आजारी होत्या, ते दाखवा, असे मी दरडावले. म्हणाल्या, "दुसऱ्या पेशंटचा कागद तुम्हाला दाखवणार नाही. तुमचाही कुणाला दाखवत नाही." तो कागद दाखवला असता तर त्या तिथेच सुटल्या असत्या. त्यांनी दाखवला नाही.

दि. १६ जुलै रोजी दुपारी त्यांचा फोन आला. माझ्या अर्जाचे त्यांना कळले होते. मला वाटले, आता खरडपट्टी निघणार. त्या म्हणाल्या, "काका, शुक्रवारच्या आत सत्यजीतचं रक्त तपासून घ्या. रिपोर्ट जुना झाला तर त्याचा आकडा खाली धरतात." अर्जाबद्दल चकार शब्द नाही. मला लाज वाटली, पण संशय गेला नाही.

दि. २० जुलै, रविवारी, मी चौफुला, न्हावरा मार्गे मोटारसायकलने शिरूरला गेलो. वशिला शोधून काढायचा, हाच हेतू. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. त्या बाई अजून रुग्णालयातच होत्या. त्यांच्या सासूने मला खुर्ची दिली. ओळख कोणाची लावली, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमची कसली वळख? सून धा दिस सोताच्या लेकीला वळखत नव्हती. डॉक्टर म्हनले, दोन दिस काढंल, जास्ती न्हाई." मी चहा कसाबसा संपवून उठलो. त्या कुटुंबाचे नाव मला माहीत आहे, पण ते या जबाबात घेऊ नये, अशी विनंती आहे.

घरी येऊन सत्यजीतला सांगितले. तो आता पडूनच असतो, डोळे पिवळे झाले आहेत. तो म्हणाला, "आप्पा, जळीत ऊस आल्यावर तुमी तारीख बघायचा का?"

फडाला आग लागली की तो ऊस आधी तोडावा लागतो, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही जाते. त्यापुढे कोणाची तारीख चालत नाही. हे मी भांडायला आलेल्या कितीतरी शेतकऱ्यांना समजावले आहे आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी विसरलो.

तेजश्री मॅडमविषयी माझी काही तक्रार नाही. उलट, असा माणूस माझ्या खुर्चीत असता तर तालुक्यातल्या पुष्कळ लोकांचा ऊस वाळला नसता, हे लिहून घ्यावे.

सत्यजीतचा आकडा फेब्रुवारीत सतरा होता, गेल्या शुक्रवारी तेवीस आला. आकडा चढतो तसा नंबर जवळ येतो आणि मुलगा हातातून जातो. सुलक्षणा विचारते, देवाला नक्की मागू तरी काय? त्या पुढाऱ्यांनी पुन्हा फोन करू का, असे विचारले. मी नको म्हणालो.

तक्रार मागे घेण्यासाठी कोणाचा दबाव आहे काय, किंवा ती मागे घेतल्यास मुलाचा नंबर पुढे सरकेल असे कोणी सांगितले काय, हे साहेबांनी विचारले. मी सांगितले, "न्हाई साहेब. सरकणार न्हाई. म्हनूनच माघारी घेतोय."

वरील मजकूर महिला हवालदार अनिता मॅडम यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे उत्तर मी दोनदा वाचायला लावले. ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून सही करतो.