भिटौलीतलं पाणी

हरुली : चैत सरत आला तेव्हा उगवलास. गावातल्या बायकांनी जीव खाल्ला माझा. माहेरची भिटौली आली का गं, चैताची भेट घेऊन भाऊ आला का गं. काय सांगायचं त्यांना?

केसरसिंग : सांगायचं, भाऊ म्हातारा झाला. रस्ता खचलाय दीदी, दरडीवरून चालत आलो. हे धर. साडी आहे, गोड पुए आहेत, रव्याचे सिंगल आहेत.

हरुली : सिंगल कडक लागतायत. कधी तळले?

केसरसिंग : बाजारातले आहेत.

हरुली : का, तुझ्या बायकोचे हात मोडले?

केसरसिंग : सांगतो नंतर. भिनज्यू दिसत नाहीत?

हरुली : आमचे हे वर भाड्याच्या खोल्या झाडतायत, तुझे भिनज्यू. दिल्लीची माणसं उतरलीत. सकाळपासून अंगणात उभी राहून म्हणतात, काय हवा, काय डोंगर. त्रिशूळावरचं बर्फ गेलं, अर्धा डोंगर काळा पडला, तरी त्यांना सुंदरच दिसतो. बुरांस यंदा माघातच फुलून गळला. मला विचारतात, ती लाल फुलं कुठं बघायची? म्हटलं, लवकर यायचं होतं.

केसरसिंग : आमच्याकडंही बर्फाचं तोंड दिसलं नाही.

हरुली : माझं माहेरचं पाणी आणलंस ना? दे आधी.

केसरसिंग : चहा टाक की. थकलोय.

हरुली : चहा कुठं पळून जातोय? वर्षभर या एका घोटाची वाट बघते मी. दे.

(हरुली बाटलीतला घोट घेते.)

केसरसिंग : काय झालं?

हरुली : हे कुठलं पाणी, केसर?

केसरसिंग : आपल्या नौल्याचं.

हरुली : त्या झऱ्याच्या कुंडाच्या पायऱ्यांवर मी लहानाची मोठी झाले. बांजाच्या झाडांच्या मुळ्यांतून झिरपलेलं पाणी, जेठाच्या उन्हातसुद्धा दात शिवशिवायचे. याला टाकीचा वास येतोय. कोणाला फसवतोस?

केसरसिंग : टँकरचं आहे.

हरुली : आणि नौला?

केसरसिंग : आटला. वर हॉटेलासाठी डोंगर फोडला, बांज तोडले. मार्गशीर्षातच तळ दिसला होता.

हरुली : मार्गशीर्षात तर तुझ्या कमलेशचं लग्न झालं. माझे गुडघे धरले म्हणून मी आले नाही. तूच फोनवर म्हणालास, सुनेनं नौला पुजला, घागर भरून घरी आणली.

केसरसिंग : पुजला ना. कोरड्या नौल्यावर नवी नवरी कशी न्यायची? म्हणून आम्ही गावातल्या तिघांनी आधीच जाऊन डबे ओतून ठेवले होते.

हरुली : तिला कळलं नाही?

केसरसिंग : वाजत गाजत पोहोचेपर्यंत पाणी जिरून गेलं होतं. घागरीत चिखल आला. पोरगी तीच घागर डोक्यावर घेऊन आली, चुलीपाशी ठेवली. मग दोघं खाली हल्द्वानी शहरात गेली, ती परत फिरकलीच नाहीत.

हरुली : तिचं काय चुकलं? मी असते तर मीही गेले असते.

केसरसिंग : आता पोरानं आम्हालाही तिकडं बोलावलंय. सामान गेलं, चूल मोडली. परवा दार ओढून घेतो.

हरुली : म्हणजे ही शेवटची भिटौली.

केसरसिंग : असं काय बोलतेस? खालून येईन की.

हरुली : येशील रे. पण माहेराहून येणार नाहीस. कुणी विचारलं तुझं माहेर कुठलं, तर काय सांगू? कुलपाकडं बोट दाखवू? मला रडू येतंय आणि वर ती माणसं बसलीत.

केसरसिंग : बसू देत. रड तू.

हरुली : ती बाटली दे इकडं.

केसरसिंग : फेकू नकोस दीदी. दरडीवरून आणलंय.

हरुली : फेकत नाही. म्हशीला घालते. बाटली धुऊन आमच्या झऱ्याच्या धाऱ्याखाली लावते. हेही बांजाचंच पाणी आहे. खाली उकाड्यात पी.

केसरसिंग : तुमचा धारा आहे अजून?

हरुली : आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मनगटाएवढी धार होती. आता थेंब पडतात.

केसरसिंग : मग भरायला फार वेळ लागेल.

हरुली : लागू दे. भरेपर्यंत तुला जाता येणार नाही.