डाव्या पात्याची स्प्रिंग

...आणि वर मलाच विचारतात, या वयात खेळणं कशाला बनवलंत! अहो, खेळणं कसलं? तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली मी, डोळे बांधून किल्ली हातात दिलीत तर कुठला दात झिजलाय ते सांगेन, आणि रिटायर झाल्यावर घरच्या माणसासाठी पहिल्यांदा काही बनवलं, ते हे! पिनबॉल! जेवणाच्या टेबलावर मावेल एवढा... आणि त्यापायी आज आमच्या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत उरलेली नाही.

माझा थोरला भाऊ. दादा. त्याचा सगळा जन्म स्प्रिंगा वळण्यात गेला. तार नुसती चिमटीत धरून जाडी सांगायचा. त्या माणसाचा डावा हात एका सकाळी दाढी करताना गेला. गेला म्हणजे... आहे तिथंच आहे, पण ऐकेना. जीभही जड झाली, तेव्हापासून एकेक शब्द बोलतो, पण तो एक शब्द असा की समोरच्यानं उठून उभं राहावं. व्यायामाच्या मॅडम आल्या, गोड आवाजात म्हणतात, "आजोबा, हा रबरी चेंडू रोज दोनशे वेळा दाबायचा हं!" दादानं चेंडूकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि चेंडू खिडकीतून बाहेर! उजव्या हातानं! मॅडम जाताना जिन्यात म्हणाल्या, हात कामाला लागला नाही तर वर्षभरात आखडेल, मग कायमचा. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मी म्हटलं, थांबा, मी बघतो.

तर प्लायचं फळकूट घेतलं, मागून दोन बोटं उचललं, झाला उतार. बेअरिंगमधली पोलादी गोळी. उजवीकडे ओढून सोडायचा दांडा... सोडला की गोळी वर, मग खिळ्यांना धडकत, घंटी वाजवत खाली. खाली दोन पाती, बाजूचं बटण दाबलं की पातं उसळतं आणि गोळीला परत वर हाणतं. दोन पात्यांमध्ये फट, गोळीपेक्षा जेमतेम मोठी. फळी डावीकडे केसभर झुकती ठेवली, मुद्दाम, म्हणजे गोळी डाव्या हाताकडेच वळेल! डोकं बघा! आणि बटणामागे स्प्रिंग. जितकी जाड तार, तितका दाबायला जोर जास्त. एक ते पाच नंबर स्प्रिंगा वळल्या, तीनपासून सुरू करायचं आणि दर आठवड्याला कडक करत जायचं, असा बेत. उतार आहे म्हटल्यावर काहीही करा, गोळी खालीच येणार. मध्ये हात आडवा आला पाहिजे, एवढंच.

दादा बसला टेबलाशी. पहिला शेरा, "उतार. जास्त." कमी केला. "घंटी. बेसूर." बदलली. "खिळे." आता खिळ्यांना काय झालं? "वाकडे." अरे, खेळ की तू! शेवटी दांडा ओढला, गोळी सुटली, डावीकडे आली, दादानं बटण दाबलं... आणि पातं हललंच नाही. गेली. दुसरी... गेली. एकवीस गोळ्या मोजल्या मी उभ्या उभ्या. मग त्यानं मान खाली घातली. तुम्हाला सांगतो, बाप गेला तेव्हाही दादानं मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

मग काय करणार मी? दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागल्यावर तळाची पट्टी उघडून दोन नंबर बसवली. हलेना. एक नंबर. थरथरलं नुसतं. मग... कसं सांगू... बॉलपेनातली बसवली. आणि टण्ण! घंटी! दादा अर्ध्या तोंडानं हसला, म्हणाला, "आला." हात आला! मॅडम टाळ्या वाजवतायत, "बघा आजोबा, मी म्हटलं नव्हतं?" एक स्प्रिंग थकली की दुसऱ्या पेनातली. दादाच्या डाव्या बोटांना आता काही कळत नाही हे मला ठाऊक होतं, त्याचाच मी फायदा घेतला. माणूस दुरुस्त होईना, म्हणून मी मशीन दुरुस्त केलं! दुसरं येतंय काय मला? पण गोळी खालीच येणार हो... किती दिवस वर ठेवाल?

आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला. उतरताना डाव्या हाताला येतो, म्हणून दादाला एकट्यानं उतरायची बंदी. एक दिवस मी भाजीला गेलेलो, वहिनी कपडे वाळत घालतायत, आणि हा निघाला. का? तर हात आलाय! भरवशानं कठडा धरला... आणि बोटं उघडली. सहा पायऱ्या. उजवं मनगट मोडलं. उजवं! चांगलं होतं ते!

दवाखान्यात फॉर्म भरायचा, वहिनींनी पिशवीतून पेन काढलं, दाबलं, टक् होईना. दुसरं काढलं. तिसरं. "भावजी, घरातली सगळीच पेनं कशी मेली हो?" दादा बाकावर, हाताला ओलं प्लास्टर. त्यानं पेनाकडे बघितलं. मग माझ्याकडे. जन्मभर स्प्रिंगा वळलेला माणूस, त्याला काय चिठ्ठी लिहून द्यायला हवी होती? म्हणाला, "केव्हापासून?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवसापासून." त्यानंतर नऊ दिवस खेळाला हात लावला नाही.

दहाव्या दिवशी म्हणाला, "तीन नंबर. बसव." आता रोज सकाळी स्प्रिंग त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, त्यानं न्याहाळायची, मगच बसवायची. उजवा हात गळ्यात, म्हणून दांडा मी ओढायचा. मी सोडतो, तो दाबतो, गोळी जाते. मी सोडतो, तो दाबतो... आठ आठवडे! प्लास्टर निघालं, तरी दांडा माझ्याचकडे. गोळी खालीच येणार, आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसणार.

आणि काल... काल तुम्हाला सांगतो, पातं हललं. नुसतं हललं नाही, सणसणीत उसळलं! गोळी वर, खिळे, घंटी! तीन नंबरवर! मी नाचलो हो, या गुडघ्यांनी नाचलो, रडू आलं मला. वळून बघतो तर दादा माझ्याकडे बघतोय, चोराकडे बघावं तसा. "बदललीस." अरे, सकाळी तूच बघितलीस ना! "नंतर. बदललीस." पट्टी उघडली, स्प्रिंग काढली, त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. बोटं मिटली तिच्यावर! पाचही, माझ्या डोळ्यांदेखत! आणि हा गच्च मूठ वळून मला सांगतोय, "हात. नाही आला." वहिनी दारातून हळूच म्हणतात, "भावजी, नका ना पुन्हा." मॅडमना फोन केला, तर त्या म्हणतात, आधी घरातली पेनं दाखवा.

दादानं निकाल दिला, "उद्या. न दबणारी." म्हणून सकाळपासून जाड तार शोधत फिरतोय. चार नंबर आहे, पाच आहे, पण परवा तीही दबली तर? दुकानदार म्हणतो, यापुढची तार दरवाज्याच्या स्प्रिंगला लावतात. म्हटलं, दे. पातं जोवर हलत नाही, तोवरच मी खरा.