कॅसेटवर ठरलेला कुत्रा

आमच्या घरी कुत्रा कुठल्या जातीचा आणायचा, यावर आईबाबांचं वर्षभर भांडण चाललं होतं, आणि तेही कॅसेटवर. बाबा मस्कतला होते. सुट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती दोन्हीकडून आवाज भरलेल्या कॅसेट जायच्या. बाबांची प्रत्येक कॅसेट "ऐकताय ना सगळे?" इथूनच सुरू व्हायची.

"घरात पुरुषमाणूस नाही. अल्सेशियनच घ्या," बाबा म्हणाले.

आईने उलट कॅसेट भरली, "त्याला रोज मटण कोण घालणार? पॉमेरियन बघू काय?"

दोन महिन्यांनी उत्तर आलं, "तो चोराचे पाय चाटील गो."

शेवटी आईने मिरकरवाड्याहून मासळीच्या पिशवीबरोबर एक गावठी पिल्लू आणलं आणि कॅसेटवर "कुत्रा आणला" एवढंच सांगितलं. बांगड्याची डोकी खाऊन टायगर वाढला. टेप लागला की माझ्या धाकट्या बहिणीला चिकटून बसायचा. ती बाबा मस्कतला गेल्यानंतर जन्मलेली.

तीन वर्षांनी बाबा आले, तर टायगर त्यांना फाटकातून आत घेईना. नुसता भुंकत सुटला.

"हाच काय तुमचा अल्सेशियन?" बाबा म्हणाले, आणि घराकडे बघून ओरडले, "ऐकताय ना सगळे? धरा याला."

टायगर गप्प झाला. कान टवकारून घरात पळाला आणि टेपसमोर जाऊन बसला.

बाबा हसत हसत आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. टायगरच्या आधी बहीण तिथे पोचली होती. बाबांकडे पाठ करून ती टेपला कान लावून बसली होती.