मुराळ्याची गाडी

...आणि वर तो शोरूमवाला मलाच विचारतो, "भाभीजी, साब का वजन कितना होगा, अंदाजन?" अंदाजन! जसं काही मी यांना रोज सकाळी काट्यावर चढवते! मी म्हटलं, बाबा रे, ही काय केळीची गाडी आहे का वजन करून द्यायला? पेपर मिलमधून रिटायर झालेला माणूस आहे, तुझ्यासमोर उभा आहे, बघून घे. तर तो बघत राहिला... आणि तुम्हाला सांगते, वरून खाली नाही, डावीकडून उजवीकडे बघत राहिला! आता तुम्हीच बोला, आम्ही काय विमान मागत होतो? अंबारी मागत होतो? माणसाला नुसतं बसायचंय हो, बसायचं!

नाही, तुम्ही म्हणाल, कौशल्याबाई, या वयात नवऱ्याला मोटारसायकल कशाला? बरोबर आहे. मीही तेच म्हटलं होतं. पण आखाजी! अक्षय तृतीया हो. आखाजीला आमच्याकडे सासरी दिलेली लेक माहेरी येते, आणि ती अशी पिशवी उचलून बसस्टँडवरून चालत नाही येत, तिला आणायला भाऊ जातो. त्याला म्हणतात मुराळी. आमच्या यांची बहीण एकच, मालूबाई, दिलेली चोपड्याच्या पुढे. लग्न झाल्यापासून हे दर आखाजीला मोटारसायकल काढायचे, रावेर, सावदा, फैजपूर, यावल करत जायचे आणि बहिणीला मागे बसवून वाजतगाजत आणायचे. वाजतगाजत म्हणजे सायलेन्सर फुटका होता. गल्लीच्या तोंडाला आवाज आला की मी आमरसाचं पातेलं खाली उतरवायची, इतकं ते ठरलेलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी हे नाचले! कुठं? लोकांच्या वरातीत! नवरदेव ओळखीचा नाही, नवरी ओळखीची नाही, बँडवाला तेवढा ओळखीचा. बँडवाल्यानं यांच्याकडे बघून वाजवलं, यांना चढला जोर, आणि एक गिरकी घेतली ती थेट उघड्या गटारीत. उजवा गुडघा गेला. आत सळई आहे आता. डॉक्टर म्हणाले, पाय अर्धाच वाकेल, त्यापुढे त्याची मर्जी. अंथरुणावर पडून पडून वजन वाढलं ते वेगळंच. जुनी गाडी भंगारात गेली, आणि दोन आखाज्या मुराळ्याशिवाय गेल्या.

बसनं जा म्हणाल? यांना गाडी लागते! हसू नका. एवढा पहाडासारखा माणूस, पण बस असो का कार, दार बंद झालं की गावातली शनवाऱ्याची वेस सोडायच्या आत तोंड पिवळं, हातात पिशवी. आणि ती मालूबाई तरी काय कमी आहे? तिच्या पोरानं म्हटलं, आई, मी बसवून देतो बसमध्ये. तर म्हणाली, "मुराळी नाही तं माहेर नाही. भाऊ दारात येईन तवाच निंघीन." नाही आली. दोन वर्षं आमच्या कडुनिंबाला तिच्यासाठी बांधलेला आखाजीचा झोका नुसता वाऱ्यानं हलत होता, आणि हे खिडकीत बसून त्याच्याकडे बघायचे. मला फार वाईट वाटायचं हो. आणि सांजोऱ्या एकटीनं लाटायला लागायच्या, त्याचंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तर यंदा यांनी जाहीर केलं, "मी जाणार." आता यांचे एक मित्र आहेत, समाधानभाऊ. मिलमध्ये एकाच पाळीला होते. मोटारसायकल म्हणजे त्यांचा प्राण, मोबाईलवर दिवसभर तेच बघतात. ते साधं सरळ बोलले की, रघुनाथ, माझ्या गाडीवर मागे बस, मी नेतो चोपड्याला. तर आमचे हे मिशीवर हात फिरवून काय म्हणाले, "मुराळी मागे बसून जातो का रे? मागे बसणारा माणूस नाही मी!" हे वाक्य लक्षात ठेवा हं. मी तर फ्रेम करून लावणार आहे.

मग निघाली वरात शोरूमला. पहिली गाडी समाधानभाऊंनी निवडली. "काय पिकअप आहे भाऊ, एकदम मक्खन!" असेल लोणी, पण बसायचं म्हणजे पुढे ओणवं व्हायचं, रांगणाऱ्या बाळासारखं. हे ओणवे झाले. पोट टाकीवर. म्हणजे अर्धं टाकीवर, बाकीचं दोन्हीकडून खाली. आणि हँडल वळवलं की हँडल पोटाला लागायचं, मग हे श्वास आत घ्यायचे, मग गाडी वळायची. मी म्हटलं, प्रत्येक वळणाला श्वास धरला तर हा माणूस रावेरला पोचेपर्यंत योगी होईल! तर तो शोरूमचा पोरगा म्हणतो, "भाभीजी, आदत हो जायेगी." कोणाला? पोटाला? अरे, माणसाला नुसतं बसायचंय हो, बसायचं!

दुसऱ्या दुकानात उंच गाडी. लांब पल्ल्याची, डोंगरात जाते म्हणे, नदीत जाते म्हणे. मी म्हटलं, हिच्यावर चढायला शिडी मिळते का सोबत? वाकत नाही तो पाय वरून टाकायचा कसा? शेवटी गाडी शोरूमच्या पायऱ्यांना लावली, हे वरच्या पायरीवर गेले, समाधानभाऊंनी इकडून ढकललं, त्या पोरानं तिकडून पाय ओढला, आणि बसले एकदाचे! काय दिसत होते, तुम्हाला सांगते, घोड्यावरचे सरदार! मी मनात म्हटलं, दृष्ट काढायला पाहिजे. "कसं वाटतंय?" तर म्हणाले, "झकास." "उतरा आता." तर म्हणाले... "कसं?"

झालं! उतरताच येईना. पाय मागून काढावा तर वर जाईना, पुढून काढावा तर टाकी. समाधानभाऊ कपाळाला हात लावून विचार करायला लागले, पोरगा मॅनेजरला बोलवायला गेला, मॅनेजर जेवायला गेलेला. यांना तिथंच चहा दिला वर, बसल्या बसल्या. येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, "अंकलजी, मस्त दिख रहे हो, एक फोटो?" आणि हे पोज द्यायचे! खाली मी उभी, हिशोब करत, की हा माणूस आता इथंच राहतो की काय, डबा आणून द्यावा लागतो की काय. शेवटी मॅनेजर ढेकर देत आला, सगळ्यांनी मिळून गाडीच यांच्याखालून आडवी केली, तेव्हा माणूस मोकळा झाला.

घरी आले ते थेट खिडकीत जाऊन बसले. जेवले नाहीत. हे जेवले नाहीत म्हणजे काय, ते यांना बघितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणाले, "कौशल्ये, राहू दे. तिला सांग, भाऊ म्हातारा झाला." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, म्हातारे व्हायचं तर आखाजी झाल्यावर व्हा, उद्या अजून एक दुकान बघू.

आणि तिसऱ्या दुकानात मिळाली! बुटकी, लांब, पाय ठेवायची जागा पार पुढे. खुर्चीत बसून पाय पसरावे तसा यांचा पाय सरळ पुढे गेला. पोट मोकळं. पाठ ताठ. हे बसले आणि यांचं तोंड असं फुललं की मी त्या पोराला म्हटलं, बाबा, आता भाव करायची सोय राहिली नाही, आण कागद. फक्त एक अडचण, सीट अरुंद. यांचा निम्मा संसार बाहेर! तर समाधानभाऊ म्हणाले, "सीट का टेन्शन मत लो. गिरधर आहे ना."

गिरधर म्हणजे आमच्याकडचा गादीवाला. सोफे करतो, सीट करतो. आता त्याची माप घ्यायची पद्धत बघा! टेप लावत नाही. म्हणाला, "भाऊ, राजघाटावर चला." का? तर म्हणे ओल्या वाळूत बसा, जसा ठसा उमटेल तसा फोम कापतो. मग काय, सकाळच्या पारी, तापीच्या काठी, बायका धुणं धुतायत, लोक अंघोळी करतायत, आणि मधोमध आमचे हे वाळूत बसलेले, हात पुढे धरून, हँडल धरल्यासारखे! गिरधर म्हणतो, "हलू नका!" जैनाबादकडून आलेली एक म्हातारी मला हळूच विचारते, "कवाचे बसेल आहेत बाबा? मौन आहे का?" हे उठले तेव्हा वाळूत जो खड्डा पडला, तुम्हाला सांगते, त्यात दोन माणसं जेवायला बसली असती. संध्याकाळी मी दिवा सोडायला गेले तर त्या खड्ड्यात कोणीतरी फुलं वाहिलेली! मी पण हात जोडले. म्हटलं, कोणाचं का असेना, बसणं तर बसणं.

गिरधरनं मन लावून काम केलं, नाही म्हणायला जागा नाही. शिवताना त्यानं विचारलं होतं, "मागं किती जागा सोडू?" समाधानभाऊ म्हणाले, "मागे सामानाच्या पेट्या लागतील, टूरिंग गाडी आहे." हे म्हणाले, "सगळी मला घे." मी म्हणाले, "एका पेटीत आंबे मावतील ना?" बघा! चार डोकी तिथं हजर होती. चार!

आखाजीच्या आधी निघाले. नवा सदरा, टोपीऐवजी हेल्मेट, पेट्यांत आंबे, मालूबाईचं लुगडं, सांजोऱ्या. अख्खी गल्ली दारात. मी कुंकू लावलं, गाडीला आधी, मग यांना. सावद्याहून फोन, "कौशल्ये, पाय दुखत नाही!" यावलहून फोन, "कौशल्ये, पाठ दुखत नाही!" मी देवापुढे साखर ठेवली.

मग बराच वेळ फोनच नाही. मग आला. आवाज असा, जसा गटारीतून आला होता तसा. "कौशल्ये..." "काय झालं? पडलात?" "नाही. पोचलो." "मग?" "मालू तयार होऊन बाहेर आली. गाडीच्या भोवती फिरली. आणि मला म्हणते... 'भाऊ, मी बसू कोठे?'"

अहो!! बहिणीला आणायला गाडी घेतली, आणि बहिणीला बसायला जागाच नाही! पुढे वाळूतला अख्खा ठसा, मागे आंब्याच्या पेट्या! मी फोन धरून मटकन खाली बसले. पलीकडे हे म्हणतायत, "मी काय तोंड दाखवू तिला?" आणि मागून मालूबाई हसतेय, अशी हसतेय, की फोन नसता तरी मला इकडे खिडकीतून ऐकू आलं असतं.

नंतर तिनंच सांगितलं मला. हे अंगणात खाली मान घालून बसले, डोळे पुसायला लागले, तर ही म्हणाली, "भाऊ, मी गाडीची वाट पाहत होती का? तू दारात आला, झालं ना माझं!" आणि गोठ्यात गेली, आणि तिची स्कूटी बाहेर काढली. रोज केळीच्या वावरात जाते म्हणे तिच्यावर, खताचं पोतं पुढे टाकून! आम्हाला पत्ताच नाही! पदर खोचला, किल्ली फिरवली आणि म्हणाली, "बस मागे."

आणि तुम्हाला सांगते... हे बसले. मागे! आणि पाय वाकत नाही म्हणून कसे बसले? एका बाजूला, आम्ही बाया बसतो तसे! मांडीवर आंब्याची टोपली, सळईचा पाय रस्त्याकडे ताठ. त्या पायाला भिऊन ट्रकवाले बाजूला होत होते म्हणे. यावल बघतंय, फैजपूर बघतंय, सावदा बघतंय, आणि मुराळी मिशीला पीळ देऊन बहिणीच्या मागे एकांगी बसलेला!

दिवेलागणीला गल्लीत आले. मी ओवाळायचं ताट घेऊन दारात. मालूबाई ओरडली, "वहिनी, आणला बाई मुराळी, उतरून घ्या!" मला कळेना, आधी ओवाळू कोणाला? कोणी कोणाला आणलं? पण ती झोक्याकडे धावली, पन्नाशी उलटलेली बाई, आणि हे तिला झोका द्यायला लागले, काठी टेकवून, एका पायावर. तेव्हा म्हटलं, जाऊ दे, आणलं कोणी का असेना, आली ना. मी दोघांनाही ओवाळलं आणि रडून घेतलं.

ती बुटकी गाडी? तिकडेच आहे, चोपड्याच्या पुढे, गोठ्यात. मालूबाईचे मालक दुपारी तिच्यावर आडवे होतात. म्हणतात, गादी झकास केलीय.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी तुमच्यापुढे कशाला रडले असते? आमच्या यांना आता चटक लागली ना! म्हणतात, "कौशल्ये, जन्मात इतकं आरामात बसलो नव्हतो. गिअर नाही, ब्रेक नाही, पाय लांब सोडा, केळीचे बाग बघा." मला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी दारात आमची नवी कोरी स्कूटी! म्हणे, "तू शिक."

मी! या वयात! रोज सकाळी राजघाटाच्या रस्त्याला, पुढे मी, मागे हे, एका बाजूला, चुलीवर पातेलं कलावं तशी गाडी कललेली. आणि वरून, "कौशल्ये, ब्रेक! कौशल्ये, हॉर्न! कौशल्ये, बघ, बगळा!" माझे खांदे गेले, कंबर गेली, मनगटात कळ येते. सांगायला जावं तर म्हणतात, "आदत हो जायेगी."

तर आता तुम्ही एवढे जण बसलात, चार गावं फिरलेले दिसता... सांगा हो एखादी आरामाची गाडी. मागच्याची काळजी करू नका, मागचा सुखात आहे. पुढची सांगा, पुढची. बाईला नुसतं बसायचंय हो, बसायचं!