प्रणालीच्या ताटात काय होतं?

बसा सगळे. मागे उभे आहेत त्यांनीही बसून घ्या. मला वेळ लागणार आहे.

सरपंच, डॉक्टर साहेब, मुंबईहून आलेली मंडळाची माणसं, वाडीतल्या बायांनो, आणि विहीणबाई तुम्ही. मी प्रणालीची मावशी. लांज्याहून आलेय. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून ती माझ्या घरात वाढली आणि माझ्याच घरातून तुमची सून होऊन या वाडीत आली. काल तिचं तेरावं झालं, आज तुम्ही ही शोकसभा ठेवलीत. पण मी रडायला उभी नाही हो. मला राग आलाय.

माईक देताना सरपंच हळूच म्हणाले, "मावशी, दोन शब्द बोला, मन हलकं होईल." सरपंच, माझं मन हलकं करायला मी आलेली नाही. तुमची मनं जड करायला आलेय.

का आलेय तेही सांगते. ती बघा, खांबाला टेकून बसलीय ती मानसी. प्रणालीची धाकटी जाऊ. तिलाही दिवस गेलेत. त्याच घरात, त्याच चुलीपाशी. प्रणालीसाठी आता मी काही करू शकत नाही. मानसीसाठी भांडायला उभी आहे.

माझ्याआधी जे जे बोलले, ते सगळे एकच बोलले. गुणी सून होती. कधी उलट उत्तर दिलं नाही. कधी काही मागितलं नाही. अहो, म्हणूनच गेली ती! मागितलं नाही याचं कौतुक करताय? पोटात बाळ घेऊन एक बाई तुमच्यात वावरते, काही मागत नाही, आणि तुम्ही म्हणता गुणी? आणि वर म्हणता देवाची मर्जी. देवाला मध्ये आणू नका. बाळंत झाल्यावर तिचं रक्त जायला लागलं, आणि जायला अंगात रक्तच नव्हतं. रत्नागिरीला पोचेपर्यंत संपलं सगळं. लेक वाचली, मूठभर जीव आहे, आज माझ्या सुनेच्या मांडीवर आहे.

रक्त का नव्हतं? सांगते.

जावईबापू दिवाळीनंतर घरी आले होते, तेव्हा मी इथे मुक्कामाला होते. त्या दिवशी बांगडे आणलेले. आधी पुरुष जेवले, मग पोरं जेवली, मग विहीणबाई जेवल्या. सगळ्यांच्या शेवटी ही बसली. पातेल्यात नुसतं सार उरलेलं, तुकडी एकही नाही. भातावर सार ओतून जेवायला लागली. मी म्हटलं, "अगो, तुला मासा कुठाय?" तर हसली. म्हणाली, "मावशी, मला वास सहन होत नाही गो आता." खोटं बोलली. बांगड्याचं डोकं चोखायला माझ्या घरी भावाशी भांडायची ही पोरगी!

मी तेव्हाच विहीणबाईंना बोलले. त्या म्हणाल्या, "जास्त खाल्लं की पोर अंगाने भरतं, मग सुटका अवघड होते. आम्ही पेजेवर दिवस काढले, आम्हाला काय झालं?" विहीणबाई, तुम्हाला काही झालं नाही. पण तुमची सख्खी जाऊ बाळंतपणातच गेली ना? हे मला तुमच्याच वाडीतल्या बायांनी सांगितलं. तिच्यासाठी कुणी असा मांडव घातला नाही, म्हणून विसरलात.

अंगणवाडीतून प्रणालीच्या नावाने खाऊची पाकिटं यायची. ती घरात सगळ्यांना वाटली. एकट्याने खायची आमच्यात पद्धत नाही म्हणे. वाटून खावं, चांगलंच आहे. पण दुसरं काही वाटलंत का तिच्याबरोबर? बांगडा वाटलात? दूध वाटलंत? आणि रक्ताच्या गोळ्या? त्या खाल्ल्या की पोर काळं होतं, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. त्या गेल्या परसात, माडाच्या आळ्यात. माड जोरात असेल आता तुमचा.

जावईबापू, तोंड झाकू नका. तुम्ही रोज मुंबईहून फोन करायचात, मला माहीत आहे. काय विचारायचात? बाळ हलतं का. एकदा तरी विचारलंत, तू जेवलीस का? डोहाळजेवणाला मात्र आलात. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पुढ्यात भरलेलं ताट. फोटो झाले आणि ताट उचललं, पाहुणे खोळंबले होते म्हणून. तोच फोटो आज बॅनरवर लावलाय. बघा नीट. गाल कुठे आहेत तिचे?

आता डॉक्टर साहेब. खुर्चीत चुळबुळ करू नका, तुमचीही पाळी आहे. एकदा तुमच्या आरोग्य केंद्रात तपासणीला मीही बरोबर होते. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "जेवण नीट आहे ना?" विहीणबाई म्हणाल्या, "हो तर, घरचं दूध आहे." "गोळ्या घेते?" "घेते की." "वजन का वाढत नाही?" "अंगकाठीच तशी आहे तिची." प्रणाली आपली वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसलेली. मी मध्ये तोंड घातलं, तर तुमच्या सिस्टर म्हणाल्या, "गर्दी करू नका, बाहेर थांबा." मला बाहेर काढलं. सासू आत राहिली! पुन्हा गोळ्या दिल्यात, पुढची तारीख दिलीत. तपासणी कुणाची केलीत, साहेब? सुनेची की सासूची?

रांग व्हरांड्याबाहेर जाते, माणसं कमी आहेत, सगळं ठाऊक आहे मला. पण दार लोटून घ्यायला माणसं लागत नाहीत. सासूला पाच मिनिटं बाहेर बसवा आणि पोरीला विचारा, काल दिवसभरात काय खाल्लंस? मग सासूला आत बोलवा, नवऱ्याला फोन लावा, आणि त्यांना झाडा. बाया पहाटेची एस.टी. धरून उपाशी येतात तुमच्याकडे. तिथेच त्यांना डाळभात वाढा, एखादं अंडं द्या, गोळी तुमच्यासमोर गिळू दे. सरकारचं धान्य शाळेत शिजतं, तर केंद्रात का शिजू नये? सरपंच, मान नुसती हलवू नका. देवळाच्या पत्र्यांसाठी तुम्ही मुंबईच्या मंडळाच्या मागे लागलात तसे या कामाच्या मागे लागा.

विहीणबाई, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही तिच्या तापात रात्र रात्र जागलात, तेही पाहिलंय मी. पण ती तुमच्या हातून गेली. हे तुम्हाला मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

बरं. कार्यक्रमात लिहिलंय, शेवटी सर्वांनी शांत उभं राहून श्रद्धांजली वाहायची. वाहू या. उभे राहा.

मानसी, ये गो बाय. अशी माझ्याजवळ ये. घाबरू नको, हा माईक धर. आज सकाळपासून काय खाल्लंस, ते सांग.

नाही, विहीणबाई. तुम्ही नाही बोलायचं. जावईबापू, तुम्हीही नाही. तिचं बोलून होईपर्यंत या मांडवात दुसऱ्या कुणाचाही आवाज मला नको आहे.

बोल बाळा.