घड्याळाची किल्ली

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते.

"ताई, रोज एक वस्तू देऊन टाकायची, हा नेम तुला सांगितला कुणी?"

"कुणी नाही. कपाट उघडलं की जीव गुदमरायचा. पण वस्तू आवडतीच द्यायची. नावडती देणं म्हणजे नुसती झाडलोट."

"आणि मन हलकं होतं?"

"पिसासारखं."

"मिक्सर दिलास तेव्हाही?"

"तेव्हा तुझ्या भावजींनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग झालं."

"आणि आईचं भिंतीवरचं घड्याळ?"

"तुला दिलं ना? दिलं म्हणजे दिलं. मागे वळून बघायचं नाही."

"मग दर रविवारी येऊन त्याला किल्ली कोण देतं?"

"माझा हात बसलाय."

"अगं, पण किल्ली तुझ्याच पर्समध्ये का?"

शिंप्याचा नंबर पुकारला. तो जागचा हलला नाही.

"किल्ली दिली, तर कुठल्या तोंडाने येऊ मी? तूच म्हणाली होतीस, काम असल्याशिवाय येत जाऊ नकोस."

"मी? कधी?"

"आई गेली त्या वर्षी."

"ठेव ती तुझ्याकडेच. आणि बुधवारीही येत जा. हल्ली मागे पडतं ते."