सयाजीच्या सदऱ्यातलं सोनं

न्हाई, न्हाई मॅडम, ती पावडर बघून मी काय करू? भाकरीला लावू? आपल्या शेजारच्या कुंडलच्या हाय म्हणालात म्हणून आत घेतलं, न्हाईतर पुण्याच्या प्रयोगशाळेचं नाव सांगणाऱ्याला ह्या जोतिबानं विट्यात दारात उभं केलं नसतं. काय म्हणालात? जुन्या मोबाइलच्या आतल्या सर्किटच्या पाट्या औषधात विरघळवायच्या, ही पावडर टाकायची, सोनं तेवढं हिला चिकटणार, तांबं पाण्यातच ऱ्हाणार — बरं, चिकटू दे! शंभर मोबाइल फोडून निघणार किती? चिमूटभर. आवं, तेवढं आमच्या पायपुसण्यात निघतं.

हसताय काय? एकतीस वर्सं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलंय. सोनारांची मोड गाळून चोख सोनं काढून द्यायचं, हेच काम. तेजाबात चांदी विरघळती, सोनं तळाला बसतं — ह्याला पीएचडी लागत न्हाई, नजर लागती. धूर तांबडा हाय तवर चांदी आत हाय, धूर पातळ झाला की काम झालं. आन् तुमी अभिमानानं सांगताय, आमच्यात धूरच न्हाई! मग कळायचं कशावरनं? मीटरवरनं? आमच्या सयाजीला मीटर लागला न्हाई कवा. माझा धाकटा भाऊ. भांड्यात तोंड घालून बघायचा आन् सांगायचा, दादा, झालं. लय नजर. म्हणून तर मी गिऱ्हाईकाकडं आन् त्यो धुराकडं — व्हय, बावीस वर्सं. न्हाई, मास्क कशाला? मास्कनं दिसतंय व्हय? ...छातीनंच गेला त्यो. डॉक्टर काय, काय बी लिवत्यात.

आता धुराकडं यशराज बघतो. सयाजीचाच पोरगा. बापासारखीच नजर हाय. असं काय बघताय माझ्याकडं?

वाया किती जातं ते विचारा की! तुमच्या कागदावर शंभरातलं एक जातंय. आमचं त्येबी जात न्हाई. दसऱ्याला कामावरची सगळी कापडं जाळायची, राख टाकणखार घालून मुशीत वितळवायची, की बारीकसा मणी निघतोच. सयाजी गेला तवा विजयमाला, त्याची बायको, रडत म्हणाली, "भावजी, त्यांचा कामावरचा सदरा तेवढा मला आणून द्या." मी म्हटलं, बरोबर हाय, हक्क हाय तिचा. दसऱ्याचीबी वाट बघितली न्हाई. दुसऱ्या कुणाच्या कापडात मिसळू दिला न्हाई. एकट्याचा जाळला, सोताच्या हातानं, राखेचा कण सांडू दिला न्हाई. सव्वा ग्रॅम निघालं! चोख! मखमलीच्या डबीत घालून विट्याला आणलं, तिच्या हातात ठेवलं.

तर बाई डबी उघडून बघती, माझ्याकडं बघती, म्हणती, "सदरा कुठाय?"

आता सांगा. सदरा मागितल्यावर आमच्या धंद्यातला माणूस काय समजणार? सोनंच ना? सोनंच समजणार! फाटका सदरा, बाह्या तेजाबानं खाल्लेल्या, त्याला ती काय करणार हुती? उशाला घेणार हुती म्हणं. चार वर्सं झाली, ह्या घरात माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती, बोलत न्हाई. डबी तिनं तवाच परत केली, अजून माझ्याच कपाटात हाय.

मग? शिकलाय ना तुमी? तुमची पावडर त्या मण्यातनं सदरा येगळा काढून दील का? न्हाई ना? मग ऊठ पोरी. मला लय कामं हायती. ह्या वयात मला शिकवायला निघाली — आन् हे बघ, यशराजचा नंबर घे जाताना. कोइमतूरला फोन लाव त्याला, आजच लाव. आन् ऐक — मी न्हाई म्हणालो, हे त्याला सांगू नको. चल, नीघ.